टोनरची सात मिनिटे

बाटलीवर ‘केसांना नवजीवन’ असे छापले होते. केस मृत असतात; टोनरमधला जांभळा रंग ब्लीच केलेल्या सोनेरी केसांतला पिवळेपणा फक्त झाकतो. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मला एवढे ठाऊक होते. परंतु एकट्या माणसाला डोक्याची मागची बाजू नीट रंगवता येत नाही, म्हणून मी शेजारच्या शकुबाईंना बोलावले.

“चांगले काळे केस होते. पिवळे काऊन केले वं, मास्तरीनबाई? आता हे जांभळं! उद्या हिरवं लावजो, म्हंजे पोपटच.”

“सात मिनिटंच ठेवायचं, काकू. जास्त झालं तर केस जांभळे होतील.”

हातमोजे घालून त्या मानेकडून वर टोनर चोळू लागल्या. माझ्या डोक्यावरून यापूर्वी कुणाचा हात कधी फिरला होता, ते मी आठवून पाहिले. सहा वर्षे झाली होती. आई अंथरुणाला खिळण्याच्या आधी.

मोबाइलचा गजर वाजला.

“झालं काय वं? धुवून टाकू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता सेलूच्या महाविद्यालयात साठ विद्यार्थ्यांसमोर मला उभे राहायचे होते.

“नाही, काकू,” मी गजर बंद करत म्हणाले, “अजून थोडा वेळ चोळा.”