मुठीतल्या तीन जागा

आमच्या दुकानातल्या सगळ्यांत लहान घडीच्या चाकूच्या मुठीत पात्याखेरीज तीनच अवजारं बसतात. गिऱ्हाईक ती ट्रेमधून स्वतः निवडतं, मी ती बसवते आणि दोन्ही टोकांना पिना ठोकून टाकते. एकदा ठोकल्यावर बदल नाही. म्हणून आधी एक प्रश्न विचारते. काय आवडतं ते सांगू नका; गेल्या महिन्यात काय हवं होतं आणि हाताशी नव्हतं, ते सांगा.

हा प्रश्न मूळचा वडिलांचा. तो विचारला नाही तर सगळे कात्रीच उचलतात, कारण ती इवलीशी कात्री दिसते गोड. एका शिक्षकांनी हट्टानं बाटलीचं बूच काढायचं मळसूत्र बसवून घेतलं होतं. ते पीत नव्हते. नंतर एकदा येऊन म्हणाले, शाळेत आता सगळे माझ्या चहाच्या थर्मासकडेसुद्धा संशयानं बघतात.

त्या दुपारी धाकटा भाऊ बायकोला घेऊन दुकानात आला. त्याला आम्ही अजून सोन्याच म्हणतो. एका जलाशयावर पंप सांभाळायची नोकरी त्याला मिळाली होती. राहायला घर तिथंच, वस्तीपासून बरंच लांब. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघणार होते.

"हिला एक चाकू करून दे," तो म्हणाला. "घरातल्या सगळ्यांकडे तुझा चाकू आहे, हिच्याकडेच नाही. लोक म्हणतील, नणंद कंजूष."

"नणंद आहेच कंजूष," मी म्हटलं. "ये गं, बस."

ती स्टुलावर बसली. मी ट्रे तिच्यापुढे सरकवला. सोन्या काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला, दाराकडे पाठ करून.

"कात्री घाल," तो म्हणाला. "आणि कानस, नखांना. आणि तिसरं ते ओपनर. झालं."

"चाकू तुझा आहे का?"

"बाईसाहेबांना काय कळतंय त्यातलं? गोंधळून जाईल बिचारी."

मी तिच्याकडे बघून नेहमीचा प्रश्न विचारला. ती बराच वेळ ट्रेकडे बघत होती. मग तिनं एक बोट बारीक स्क्रूड्रायव्हरवर ठेवलं.

"हा लागला असता."

"कशाला?"

"आमच्या खोलीच्या दाराचं आतलं हँडल नव्हतं. नुसतं चौकोनी भोक. त्यात घालून फिरवायला काहीतरी हवं होतं. हे कामाला गेले होते."

"हँडल सैल झालं होतं गं," सोन्या हसत मला म्हणाला. "गळून पडलं. दार वाऱ्यानं लागलं, आणि ही आत. संध्याकाळी येऊन उघडलं तर तोंड हे एवढंसं. मी म्हटलं, झोपायचं होतंस मस्त. मला कुणी कोंडलं तर मी आभार मानीन."

विनोद बरा होता. मीही हसणारच होते. पण हँडल असं गळून पडत नाही. दोन्ही बाजूंची हँडलं एका चौकोनी लोखंडी दांड्यावर बसवलेली असतात. आतलं निखळलं तरी दांडा बाहेरच्या हँडलला धरून जागेवरच राहतो, आणि नुसत्या चिमटीनंही तो फिरवता येतो. भोक मोकळं दिसायचं, तर कुणीतरी दांडासुद्धा ओढून काढलेला असावा लागतो. सोन्या याच टेबलाशी लहानाचा मोठा झाला. हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

"मग दांडा कुठं गेला?" मी विचारलं.

"कसला दांडा?"

"सोन्या."

"पडला असेल कुठंतरी. आता काय पंचनामा करतेस?"

"ह्यांच्या खिशात होता," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, किराणा सांगताना असतो तसा. "कपडे धुताना सापडला."

तो स्क्रूड्रायव्हर मी ट्रेमधून उचलून मुठीच्या पहिल्या खाचेत ठेवला, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं.

"दुसरं?"

"चिमटा." तिनं उजवा तळवा उलटा केला. अंगठ्याखाली तीन-चार बारीक व्रण होते, अजून गुलाबी. "काच गेली होती. खिडकीची."

"धांदरट आहे," सोन्या म्हणाला. तो आता हसत नव्हता, पण रागावलाही नव्हता. "एवढ्याशा खिडकीतून कुणी बाहेर पडतं का? खाली पडली असती तर? मी काळजीच करत असतो, ताई. तुला वाटतं तसं नाही."

"मला काय वाटतं?"

मी चिमटा दुसऱ्या खाचेत बसवला. तिसरी जागा रिकामी होती.

ती ट्रेमधलं एकेक अवजार उचलून बघू लागली. करवत, टोचा, कानस. प्रत्येकाला नखानं उघडून पुन्हा जागेवर ठेवत होती. मग विचारलं, "ताई, बाहेरून लावलेली कडी यातल्या कशानं उघडते?"

"तुझा नियम गेल्या महिन्याचा ना, ताई?" सोन्या मध्येच म्हणाला. "पुढच्या महिन्याचं कसं चालेल?"

"नव्या घराला बाहेरून कडी आहे?" मी त्याला विचारलं.

"जंगली जनावरं येतात तिकडे. लोखंडी दार आहे, मीच करून घेतलं. जाड पत्रा, गजाची कडी. खिडक्यांनापण जाळी मारून घेतली. तू बघितलंस तर खूश होशील, काम चोख आहे."

जनावरांपासून वाचायचं, तर कडी आतून लागते. हे मी बोलले नाही. ट्रेकडे बघितलं. आयुष्यभर मी लोकांना उपयोगाचं काय ते सांगत आले, पण जाड पत्र्यापलीकडची कडी काढील असं काहीच त्यात नव्हतं. करवत दाराच्या फटीतून कडीपर्यंत पोचलीसुद्धा नसती.

"यानं होणार नाही," मी तिला म्हटलं. "कशानंच होणार नाही. तू जाऊ नकोस. इथं राहा, माझ्याकडे."

सोन्या कोपर उचलून सरळ उभा राहिला. "तिलाच विचार ना," तो मऊ आवाजात म्हणाला. "सांग गं ताईला. यायचंय ना तुला?"

ती स्टुलावरून उठली. क्षणभर वाटलं, त्याच्याकडेच जाते आहे. मग काउंटरची फळी उचलून ती माझ्या बाजूला आली आणि फळी तिनं स्वतःच खाली घातली. फळी जरा जोरात आदळली.

सोन्यानं आवाज चढवला नाही. त्यानं दुकानभर नजर फिरवली. मागच्या दाराबाहेरचा जिना, त्यावरचं आमच्या घराचं दार.

"बरं," तो म्हणाला. "बायकांचं चालू दे. उद्या सकाळी येतो न्यायला. उठू नका माझ्यासाठी, वरची किल्ली आहे माझ्याकडे."

तो बाहेर गेला. मी दुकानाचं दार आतून लावलं आणि जिन्यावरच्या दाराचं कुलूप बदलायला घेतलं. नवं कुलूप माझ्याकडे होतं. भाऊ त्याच घरात वाढलेला, म्हणून ते कधी बसवावंसं वाटलं नव्हतं. ती माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसून निघालेले स्क्रू ओंजळीत धरत होती.

"रस्त्यापलीकडे गाडी लावलीय त्यांनी," काही वेळानं ती म्हणाली.

"असू दे. तू धर."

ओंजळीतले स्क्रू तिनं घट्ट आवळून धरले आणि मान रस्त्याकडे वळवली. मीही हात थांबवून ऐकलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज अजून आला नव्हता.