उजवा सिलिंडर

“ढमीला काकूंकडे दे आणि तू उजव्या बाजूला बस,” नवरा म्हणाला. “मी किक मारतो, तू गेजचा काटा वाच. काटा चढेल आणि जिथे चढला तिथेच थांबून राहील. ही पिन दाबली की परत शून्यावर. मी सांगेपर्यंत पिनला हात लावायचा नाही.”

“शाळेतल्यासारखं काय समजावतोस?”

“प्रयोगशाळाच आहे ही,” दारात खुर्ची टाकून बसलेले सर म्हणाले. “पण मी पडलो भूगोलाचा. माझा काही उपयोग नाही.”

सर म्हणजे मोटरसायकलचे मालक. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून गाडी घरामागच्या या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या चादरीखाली उभी होती. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, ढमीला कडेवर घेतलं. आमची ही दीड वर्षाची पोर नवख्या माणसाकडे सहसा जात नाही. त्या दिवशी मुकाट्याने गेली. ती रडेल आणि मला उठावं लागेल, अशी माझी अटकळ होती.

चादर निघाली तसा नवरा पुढे झाला. गाडीभोवती एक फेरी मारून आला, मग उलट्या दिशेने आणखी एक. काळी टाकी, तिच्यावर हाताने ओढलेल्या दोन पांढऱ्या रेघा. इंजिनाचे दोन सिलिंडर दोन्ही अंगांनी बाहेर आलेले, एखादी बाई कमरेवर हात ठेवून दारात उभी राहावी तसे.

“मी लग्न होऊन आले तेव्हा ही आधीच घरात होती,” काकू म्हणाल्या. “सवतच म्हणा ना.”

“पण कधी उलटून बोलली नाही,” सर म्हणाले.

“बोलायची वेळच कुठे यायची तिच्यावर? दर रविवारी न्हाऊमाखू घालत होतात तिला.”

आम्ही पाहिलेली ही तिसरी जर्मन गाडी, आणि शेवटची. पहिलीची चासी अपघातात वाकली होती. नवऱ्याने दोन्ही चाकांना दोरा लावून पाहिला आणि मालकाचं कौतुकपुराण संपायच्या आत आम्ही बाहेर पडलो. दुसरीचा मागचा सांगाडा कुणा हौशी माणसाने आधीच करवतीने कापून ठेवला होता. ते बघून नवरा असा कळवळला की मालकाला वाटलं त्याच्या पोटात दुखतंय.

“कॅफे रेसर करायची म्हणजे ओझं उतरवायचं,” परतताना बसमध्ये त्याने मला समजावलं होतं. “हँडल खाली, सीट एकाची, मागची शेपटी गायब. दुसऱ्या गाड्यांना त्यासाठी कापावं लागतं. या जुन्या जर्मन गाड्यांचा मागचा सांगाडा नुसता बोल्टांवर बसवलेला असतो. बोल्ट काढले की सुटा. उद्या कुणाला मूळ रूप हवंसं झालं तर परत लावा. आणि त्या मूर्खाने करवत चालवली!”

“सीट एकाची, मग आम्ही दोघी?”

“तुम्ही दोघी लिफ्टने या.”

तो हॉस्पिटलमध्ये लिफ्टचा मेकॅनिक. सहा लिफ्ट, अकरा वर्षं. “दिवसभर खालीवर, खालीवर, आणि पोचलो कुठे? तर तिथेच,” हे तो पूर्वी हसत सांगायचा. गेल्या वर्षापासून तेच वाक्य तो न हसता सांगायला लागला होता. घरी आला की बूटही न काढता खिडकीशी जाऊन उभा राहायचा. समोर हॉस्पिटलची मागची भिंत, दुसरं काही नाही. तरी बघत राहायचा. मी चार वेळा हाक मारली की पाचव्यांदा ‘हं’ म्हणायचा.

सुट्टीच्या दिवशी मित्राच्या शेडमध्ये त्याने दोन जुन्या गाड्यांचे कॅफे रेसर केले होते. त्यातला एक दाताच्या डॉक्टरांनी पाहिला आणि म्हणाले, मला जर्मन गाडीवर करून दे, गाडी तूच निवड. अट एकच, इंजिन उघडायची वेळ येता कामा नये. परदेशातून सुटे भाग मागवत सहा महिने घालवायला त्यांना सवड नव्हती. तसं असेल तर त्यांच्याकडे दुसरा कारागीर तयार होता. हे काम झालं की त्यांचे दोन मित्रही रांगेत होते. म्हणजे गाडी मिळाली की सोमवारी राजीनामा. तो मीच लिहून दिला होता. कॉलेजात निबंधाचं बक्षीस मिळवलेली बायको घरात असताना त्याने का लिहावा? तो घडी घालून त्याच्या पाकिटात होता.

राजीनामा म्हणजे हॉस्पिटलचं क्वार्टर सोडणं. आणि क्वार्टर म्हणजे काय, ते माझ्याशिवाय कुणाला कळलं असतं असं मला वाटत नाही. ढमी दहा महिन्यांची असताना तिला तापात फिट आली. भर दुपार. डोळे वर गेले, ओठ निळे पडले, आणि माझ्या हातातली मुलगी लाकडासारखी झाली. मी अनवाणी धावले. आमच्या दारापासून कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत दोनशे दहा पावलं, नंतर मी ती मोजली. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. “पाच वर्षांची होईपर्यंत थांबेल हे,” डॉक्टर म्हणाले. पाच वर्षं म्हणजे किती दुपारी, याचा हिशोब मी नको नको म्हणत असताना डोक्यात चालूच राहिला.

गॅरेजसाठी बघितलेल्या नव्या जागेपासून हॉस्पिटल बसने पाऊण तास. महामार्गालगत शेड, तिच्यावर दोन खोल्या.

“चालेल ना तुला?” त्याने विचारलं होतं. एकदा शेड बघताना, एकदा राजीनामा लिहिताना, एकदा ढमीला भरवताना. तिन्ही वेळा मी हो म्हटलं. खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहिलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. आईला फोन केला तर ती म्हणाली, “हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. पण नवऱ्याला अडवूही नये.” झालं. म्हणजे मी काय करायचं?

शेडमध्ये त्याने दोन्ही प्लग काढले. अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने बांधला. आधी डाव्या सिलिंडरला दाब मोजायचा गेज लावला. किकही डाव्या बाजूलाच, त्यामुळे तो काटा त्याने स्वतःच वाचला.

“एकशे तीस,” तो म्हणाला. त्याच्या आवाजाला पंख फुटले होते. “सर, एकशे तीस!”

“चांगलं की वाईट?”

“या वयात? सर, तुमचा नि माझा दम मिळूनसुद्धा एवढा भरायचा नाही.”

सर खूश होऊन हसले. त्याने गेज उजवीकडे लावून माझ्या हातात दिला आणि पलीकडे गेला. मधे गाडी. मला त्याचा फक्त गुडघा आणि बूट दिसत होता. बूट खाली गेला, वर आला. खाली, वर. प्रत्येक दणक्याला काटा एकेक पायरी चढला. साठ. शंभर. एकशे वीस. एकशे तीसवर जाऊन थांबला.

“किती?”

माझा अंगठा पिनवर होता. तो मी ठेवला की आपोआप गेला, हे मला आजही सांगता येणार नाही. काटा शून्यावर पडला.

“नव्वद,” मी म्हटलं.

पलीकडे बूट किकवरच थांबला. काकू ढमीला खिडकीतून कावळा दाखवत होत्या.

“नीट बघ हं. परत मारतो.”

पुन्हा तेच दणके. काटा पुन्हा तिथेच. माझा अंगठा पुन्हा तिथेच.

“ब्याण्णव,” मी म्हटलं. दोन वाढवले, खरं वाटावं म्हणून. मला स्वतःचीच भीती वाटली.

“गेज नीट बसलाय ना? हवा निसटत असेल.”

“बसलाय.”

तो तिसऱ्यांदा मारायला लागला. या वेळी फार सावकाश, एकेक किक तोलून.

“किती?”

“नव्वद.”

त्याने पाय किकवरून खाली घेतला. मग ट्यूबचा तुकडा सोडला, दोन्ही प्लग हाताने फिरवत बसवले आणि हात पुसत सरांसमोर गेला.

“उजव्या बाजूला थोडं काम आहे, सर. इंजिन उघडावं लागेल. आमच्या डॉक्टरांना ते चालणार नाही.”

“अहो, उजवीकडून तिने कधी कुरकूर केली नाही,” सर म्हणाले. कुणी आपल्या मुलीत खोट काढावी तसे ते दुखावले होते, आणि सभ्य माणूस असल्यामुळे ते लपवत होते.

“गाडी लाखात एक आहे,” नवरा म्हणाला. “कुणालाही कापू देऊ नका.” चादर त्यानेच परत घातली, चारही कोपरे खाली ओढून.

बाहेर आल्यावर त्याने डॉक्टरांना फोन केला. दोन मिनिटांत संपला. बसमध्ये ढमी त्याच्या मांडीवर झोपली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्याचं ते बघणं आता मी उचललं होतं.

दीड महिन्याने सरांचा फोन आला. नवऱ्याने मोबाइल घरी चार्जिंगला लावला होता, म्हणून मी घेतला.

“गाडी गेली बरं का,” सर म्हणाले. “एक माणूस येऊन घेऊन गेला. दुसऱ्या किकला सुरू! दोन्ही बाजू ठणठणीत आहेत म्हणाला. तुमच्या मिस्टरांना सांगा, तो गेज एकदा तपासून घ्या. दुसऱ्या कुणाचं नुकसान व्हायला नको.”

“सांगते,” मी म्हटलं.

ढमीला उचललं आणि हॉस्पिटलमध्ये गेले. थांबले असते तर गेलेच नसते. तो पहिल्या मजल्यावर होता. लिफ्टचं दार उघडं, समोर ‘काम चालू आहे’ची पाटी आडवी. दारातून लिफ्ट दिसत नव्हती, लिफ्टचं छप्पर दिसत होतं. लिफ्ट तळमजल्यावर उभी होती. तो छपरावर उतरायच्या बेतात होता.

“सरांचा फोन होता,” मी म्हटलं. “गाडी सुरू झाली. उजवा सिलिंडर चांगला होता. काटा एकशे तीसवर गेला होता, तिन्ही वेळा. मी...”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“अगं, दोन्ही प्लग काढलेले असले की पायाला एकाच सिलिंडरचा दाब लागतो. ज्याला गेज लावलाय त्याचा. किक मारणाऱ्याच्या पोटरीला कळतो तो. दोन्हीकडे सारखाच होता.”

ढमी त्याच्या खिशातल्या टेस्टरकडे हात करत होती. त्याने तो काढून तिच्या हातात दिला.

“मग तिथे बोलला का नाहीस?”

“तीनदा विचारलं की तुला.”

“मी खोटं बोलले.”

“त्याच्या आधी तीनदा विचारलं होतं, चालेल ना म्हणून,” तो म्हणाला. “खोटं तेव्हा बोललीस. शेडमध्ये खरं सांगितलंस. फक्त आकड्यात सांगितलंस.” तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मी पाया पडले असते, भांडले असते, काहीतरी केलं असतं. “राजीनामा फाडलाय मी. तुझं अक्षर होतं, वाईट वाटलं.”

“अरे, अजूनही दुसरी गाडी मिळेल...”

“मागे हो,” तो म्हणाला. “पाटीच्या मागे. तिला घट्ट धर.”

त्याने ढमीच्या मुठीतून हळूच टेस्टर सोडवून घेतला, छपरावर उतरला, एकदा वर दोरांकडे बघितलं आणि आतून दार ओढून घेतलं. खटका लागला. पलीकडे मोटर घुमली आणि तो वर गेला असावा.

ढमीला खाली उतरवून मी निघाले. ढमी हलेना. तिने दाराला तळहात लावला होता आणि ती वाट बघत होती. लिफ्टचं दार मिटलं की थोड्या वेळाने उघडतं, हे तिला नुकतंच कळायला लागलं आहे.