शिंजीर, डॉल्फिन आणि आक्काचे चार स्वर

१२ जून १९९५. ग्राइंडरमध्ये इडलीचं पीठ फिरत होतं. वीज जाण्याआधी ते उरकायचं होतं. अंगणातल्या जास्वंदीवर शिंजीर पक्षी लोंबकळत होता, अंगठ्याएवढा जीव, पण त्याचा स्वर ग्राइंडरच्या घरघरीवरूनही ऐकू येत होता. माझी नणंद सीताक्का तशीच आहे. काडीसारखे हात, चिमणीएवढी पावलं, आणि गळ्यात मात्र सकाळचं सगळं ऊन.

दुपारी ती शाळेतून आली, छत्री मिटून खांबाला टेकून बसली.

"उद्यापासून येऊ नका म्हणाले. गाण्याच्या तासाला टेपरेकॉर्डर घेतलाय. तो दमत नाही, रजा मागत नाही म्हणे."

"मग तुम्ही काय म्हणालात, आक्का?"

"काय म्हणू? खरंच दमत नाही गं."

माझी मुलगी मालिनी शेजारीच शिंजीर आणि डॉल्फिन यांची तुलना लिहीत होती. एकाला पिसं, एकाला गुळगुळीत कातडी. एकाला फूल पुरतं, एकाला समुद्र लागतो. साम्य एकच: दोघांची पिल्लं मोठ्यांचं ऐकून आपला आवाज घडवतात. डॉल्फिनची तर प्रत्येकाची शीळ वेगळी, आणि सोबती तीच शीळ घालून त्याला हाक मारतात.

"आपल्या आक्कासारखं," मालिनी म्हणाली.

खरंच होतं. आक्का कुठल्याच मुलाला नावानं बोलावत नाही. प्रत्येकाला तिनं चार स्वर दिलेले. ते ती वर्गाच्या दारातून गुणगुणते, मुलानं जिन्यावरून तेच परत म्हणायचे. त्या उत्तरावरून तिला कळतं, कोण उपाशी आलाय, कोणाच्या अंगात ताप आहे.

नव्या यंत्रांशी माझं वैर नाही. ग्राइंडर आला आणि पीठ वाटायचा दगडी रुब्बा मी आनंदानं परसात टाकला. पण दळणं आणि शिकवणं एकच, असं समजणाऱ्यांच्या हाती मुलं दिली आहेत, याचा संताप येतो. टेप दमत नाही, कारण तो ऐकतच नाही.

संध्याकाळभर आक्का गुणगुणली नाही. काळ माणसाला नेण्याआधी त्याची हाक नेतो, आणि समोर बसलेल्या माणसाचीही आठवण येऊ लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीतली स्कूटर बाहेर काढली, चटया अंथरल्या, चार घरी मुलांना गाणं शिकायला यायचा निरोप धाडला. मग, लग्न होऊन आले तेव्हा आक्कानं मला दिलेले चार स्वर जिन्याखालून म्हटले. वरून, आक्काच्या खोलीतून, ते परत आले, तिसरा स्वर दुरुस्त होऊन.