पेन्सिलीतलं मत

मी एक हजेरीवही. पण माझ्या पोटात एकाही मुलाचं नाव नाही. आहे ती एकाच माणसाची हजेरी, आणि तीही त्याने स्वतःच घेतलेली.

शाळेसाठी छापखान्यातून वह्या आणताना मुख्याध्यापिका ताईंनी एक जादा मागून घेतली, ती मी. निळं कापड, जाड पुठ्ठा आणि आत आखलेले उभे रकाने. त्याच आठवड्यात ताईंचा धाकटा भाऊ आमदार म्हणून निवडून आला. लोकांनी त्याला पुष्पगुच्छ दिले, ताईंनी मला दिलं.

"मी वर्गाची रोज हजेरी घेते, तशी तू तुझी घे," त्या म्हणाल्या. "कुठलं विधेयक मांडलंस, कुठे काय मत दिलंस, सगळं लिही. खोटी हजेरी लावलीस तर कान उपटीन. आमदार असशील तुझ्या घरचा!"

आमदारसाहेबांनी ते फारच मनावर घेतलं. सकाळी चहा पिता पिता ते दिवसाचं कामकाज वाचायचे आणि द्यायचं ठरवलेलं मत माझ्यात पेन्सिलीने लिहायचे. मग मी त्यांच्या पिशवीतून सभागृहात जायची. घरी परतल्यावर बूटही न काढता ते खुर्चीत बसायचे आणि प्रत्यक्ष दिलेलं मत शाईने लिहून शेजारी एका ओळीत कारण टाकायचे. चहाचे डाग मला त्याच काळात पडले, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पंधरा वर्षांत त्यांनी अकरा विधेयकं मांडली. पडली त्यातली आठ. पण पडलेल्या विधेयकांचंही अक्षर ते सुबक काढायचे, हे मला आवडायचं. एकदाच ते तटस्थ राहिले, तेव्हा तो शब्द इतका बारीक लिहिला की मलाच वाचता येईना. बसस्थानकांवर बायकांसाठी स्वच्छतागृह हवं, हे विधेयक त्यांनी तीनदा मांडलं. पहिल्या दोन वेळी सभागृहात हशा पिकला. तिसऱ्या वेळी ते मंजूर झालं आणि साहेबांनी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

पण त्याच्या आदल्या पानावर एक ओळ नुसत्या पेन्सिलीतच राहिली होती. वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा बंद करायचं ते विधेयक होतं. ताईंच्या शाळेत सतरा मुलं होती. सकाळी साहेबांनी पेन्सिल दाबून लिहिलं होतं, 'विरोधात'.

सभागृहाबाहेर त्यांना पक्षाचे प्रतोद भेटले. आपल्या सगळ्या आमदारांना एका रांगेत ठेवणं हेच त्या गृहस्थांचं काम. ते हसून एवढंच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तुमचं स्वच्छतागृहांचं विधेयक आहे ना? मग आज जरा सांभाळून."

त्या दिवशी मतदान आवाजी झालं. म्हणजे अध्यक्षांनी विचारायचं आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं. कोण काय म्हणालं याची नावनिशी कुठेच राहत नाही. मी साहेबांच्या पायाशी पिशवीत होते. त्यांचा 'होय' मी ऐकला. फार हळू होता, पण होता.

घरी येऊन त्यांनी आधी बूट काढले. मला उघडलंच नाही.

शाळा बंद झाली. ताईंची बदली लांबच्या शाळेत झाली. दोन बस बदलून त्या जायच्या आणि भेटेल त्याला सांगायच्या, "माझ्या भावाने मात्र विरोधात मत दिलं हो!" साहेबांनी त्यांना कधी टोकलं नाही. मी तर काय, मिटलेलीच होते.

याला सोळा वर्षं झाली. साहेब आता माजी आहेत. गेल्या महिन्यात वाचनालयाने त्यांच्या विधेयकांची आणि मतांची नोंद छापण्यासाठी मागितली. त्यांची लेक जेवणाच्या टेबलावर मला उघडून एकेक ओळ उतरवून घेत होती. ताई शेजारी बसून चष्मा पुसत होत्या.

"बाबा, इथे नुसती पेन्सिल आहे," लेक म्हणाली. "'विरोधात' असंच घेऊ ना?"

"घे की! आणि चांगलं ठळक घे," ताई म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी गप्प राहायचा अवकाश, माझं पान छापून झालं असतं. जगात दुसरा पुरावा नव्हता.

"थांब. पेन दे मला," ते म्हणाले.

पेन्सिलीतला शब्द त्यांनी खोडला नाही. शेजारी शाईने लिहिलं, 'बाजूने'. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'घाबरलो. माझं विधेयक अडलं असतं.' मग ते सगळं त्यांनी ताईंना मोठ्याने वाचून दाखवलं.

ताई उठून खिडकीपाशी गेल्या. मला माझ्या पानाचीच लाज वाटत होती.

"सोळा वर्षं मी सांगत फिरले," पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या. "बसच्या रांगेत सांगितलं. दातांच्या डॉक्टरला सांगितलं, तेही तोंडात त्याचं ते यंत्र असताना."

"माहीत आहे, ताई."

"मला त्या दिवशीच सांगायचंस रे. रागावले असते, चार दिवस बोलले नसते. त्यात काय!"

"चार दिवस?"

"बरं, वर्षभर."

त्या परत येऊन बसल्या. पर्समधून लाल पेन काढलं. निवृत्त झाल्या तरी ते त्यांच्याजवळ असतंच. मुलांनी चूक सुधारून आणली की वहीत जे लिहायच्या, तेच त्यांनी माझ्या समासात लिहिलं, 'दुरुस्ती पाहिली.' खाली सही, तारीख.

"एवढ्याशा दुरुस्तीला सोळा वर्षं!" त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गात असतास तर बाकावर उभा केला असता."

"अजून कर."

"गुडघे बघ आधी स्वतःचे," ताई म्हणाल्या आणि डोळे पुसता पुसता हसल्या.

आता मी वाचनालयाच्या काचेच्या कपाटात असते. मला कुणीही मागून घेऊ शकतं. दोन रेघांची ती ओळ जरूर पाहा, पण एक पान मागेही उलटा. तिथली पेन्सिल पुसट झाली आहे, ती मात्र कुणी खोडू नका. त्या दिवशी सभागृहात बसूनही आमचे साहेब गैरहजर होते. सोळा वर्षं उशिरा आले, पण आले. मी हजेरीवही आहे, मला त्यांची हजेरी लावून घेणं भाग आहे.