एका टाकीचे आभार

जर्का शहरातल्या आमच्या गल्लीत सतरा दिवस नळाला पाणी नव्हतं. पाणीखात्याच्या कचेरीत फोन कोणी उचलेना, म्हणून शेजारच्या खितामने सकाळच्या रेडिओ कार्यक्रमाला फोन लावला. तिथला मुन्तसिर लोकांची गाऱ्हाणी ऐकतो आणि सगळ्या देशासमोर साहेबांना फोन करून जाब विचारतो.

"ही बाई मला आईसारखी आहे," तो फोनवर पाणीखात्याच्या साहेबांवर गरजला. "दुपारपर्यंत पाणी पोचलं पाहिजे!"

पोचलं. टँकरमागून मुन्तसिर आला, कार्यक्रम इंटरनेटवर दाखवणारा कॅमेरावाला आला. खितामची टाकी भरली. आम्ही बाया डबे घेऊन धावलो, तर ड्रायव्हर नळी गुंडाळायला लागला.

"एकाच घराचा हुकूम आहे."

मुन्तसिरने माइक पुढे केला. "खाला, साहेबांचे आभार माना. दोनच शब्द."

"कसले आभार?" खिताम कडाडली. "पाणी साहेबाने घरून आणलंय? बिल अख्खी गल्ली भरते!"

"खाला, लोक बघतायत..."

"बघू देत! रोज एकाच्या ओंजळीत पाणी घालतोस, बाकीच्यांना वाटतं न्याय झाला. मेल्या, तू त्यांना जाब विचारत नाहीस, त्यांची अब्रू झाकतोस!"

त्याने कॅमेरा बंद करायला लावला.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर खितामचाच आवाज आला: "अल्ला तुमचं भलं करो!" पहिल्यांदा फोन लावला तेव्हा रेडिओवरच्या फोन घेणाऱ्या मुलीला ती हे रीतीने बोलली होती, ते कापून साहेबांच्या नावावर चिकटवलं होतं. खिताम माझ्या दारात आली. "रुदैना, माझ्याच जिभेने मला खोटं पाडलं गं!"

माझ्या फोनमध्ये मी टिपलेलं कालचं सगळं भांडण होतं. मी आयुष्यात कधी इंटरनेटवर काही टाकलं नव्हतं. ते टाकलं. संध्याकाळपर्यंत अम्मानमधली माझी नणंद मला तेच पाठवत होती.

मग पाणीखात्याचा एक अधिकारी खितामच्या नावाने लिहिलेला माफीचा कागद घेऊन आला. "सही करा, हज्जा. विषय संपेल," तो मोठ्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाला.

"माझा नाही संपत," म्हणत खितामने दार लावलं.

चौथ्या दिवशी गल्लीला गढूळ पाणी आलं. दुरुस्ती आधीच ठरली होती म्हणे. मुन्तसिरचा कार्यक्रम चालूच आहे; आमच्या गल्लीचा फोन मात्र तो घेत नाही. नको घेऊ दे. पलीकडच्या दोन गल्ल्या अजून कोरड्या आहेत. दर रविवारी, इथे कचेरीचा आठवडा सुरू होतो त्या दिवशी, तिथल्या बायांना घेऊन आम्ही कचेरीच्या पायऱ्यांवर बसतो आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक साहेबाला खिताम त्याचं नाव विचारते.