ताईचं वाक्य

डायलिसिसच्या खोलीत ताईला एका जागी बसवत नव्हतं. भावाच्या अंगावरची चादर ती पुन्हा पुन्हा सारखी करत होती. लाँड्रीत इस्त्री करणारी बाई, सुरकुती दिसली की हात शिवशिवणारच, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. खरं कारण वेगळंच होतं. उद्या डॉक्टर तिला एकटीला आत बोलावून विचारणार होते, की भावाला किडनी देताय ती मनापासून ना? आईने तर "माझी लेक देणार आहे" म्हणून नातेवाइकांत केव्हाच डंका पिटला होता. ताईला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही तोंड उघडलं नव्हतं.

भाऊ इंग्रजीचा शिक्षक. यंत्राला जखडून पडला तरी शिकवायची खोड काही जाईना. दर खेपेला ताईला एक शब्द आणि त्याचं एक वाक्य. वाक्य खरं असायलाच हवं, हा त्याचा हट्ट. खोट्या वाक्यातला शब्द लक्षात राहत नाही म्हणे!

"मास्तर, आज शब्द मी मागते," ताई म्हणाली. "करायचं मनात नाही, पण नाहीही म्हणवत नाही. अशा माणसाला काय म्हणतात?"

"रिलक्टंट." स्वारी खूश झाली. "कर वाक्य."

"आमचा मालक सुट्टी द्यायला रिलक्टंट आहे."

"खोटं. आजची सुट्टी त्यानेच दिली ना?"

"बरं, माझा मुलगा अभ्यासाला रिलक्टंट आहे."

"छे! तो तर तोंडावर नाही म्हणतो. ताई, तुझं स्वतःचं कर की."

ताई उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. चादरीवर आता एकही सुरकुती उरली नव्हती, तरी तिचा हात फिरतच होता. तिला भीती वाटत होती. पोट फाडून घ्यायची, नंतर इस्त्रीपुढे उभं राहवलं नाही तर मुलांचं काय, याची. आणि सख्ख्या भावासाठी अशी भीती वाटावी, याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.

"आय ॲम रिलक्टंट," ती चादरीकडे बघत म्हणाली.

कशासाठी, ते भावाला विचारावं लागलं नाही.  

"वाक्य बरोबर आहे," तो म्हणाला. "राग आलाय मला. खूप आलाय, खोटं कशाला बोलू? पण वाक्य बरोबर आहे."

"अरे, तसं नाही. मी देईन रे, देईन मी..."

"बघ. आपल्या भाषेत आलीस की लगेच देईन!" मोकळ्या हाताने त्याने तिचा हात चादरीवरून उचलून धरला. "उद्या डॉक्टरांपुढे इंग्रजीतच बोल. म्हण पाहू पुन्हा."

ताईने म्हटलं. रडत रडत, पण न चुकता.