रंगवलेले डोळे

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो. हातकणंगल्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरात, माजघराच्या भिंतीवर माझे आयुष्य गेले. मी ज्ञानूचा फोटो. त्याचा मुलगा पाळण्यात असतानाच ज्ञानू पटकीने गेला. मुलगा मोठा झाल्यावर त्याने मला कोल्हापूरला नेऊन रंगवून घेतले. चित्रकाराने ज्ञानूला कधी पाहिले नव्हते. त्याने फेटा गुलाबी केला, गालांवर लाली चढवली आणि सगळ्यांचे करायचा तसे डोळे काळेभोर केले. बघणारे म्हणाले, माणूस जिवंत झाला. मीही हुरळलो. उदाच्या धुरात डोळे मिटल्यासारखा दिवसच्या दिवस स्वप्नात असायचो.

पुढे त्या मुलाची बायको बायडाबाई घरात आली. तिने सासरा पाहिला तो असा, रंगवलेला. तिचा नवरा गेला, जुनी माणसे संपली, मुलगा आकाराम वारणानगरच्या कारखान्यात लागला.

सहासष्ट साली आकारामला मुलगी झाली. डोळे घारे! घरात कुणाचेच तसे नव्हते. बायडाबाईने बारसे अडवले. आकाराम आठवड्याला एकदा घरी येतो, हेही गल्लीने मोजले. तो मान खाली घालून बसला. सून शालनने मुकाट्याने बोचके बांधले. भाऊ तिला न्यायला येणार होता. मित्रांनो, रंगाखाली तेच घारे डोळे उघडे होते. पण तोंड असून मला बोलता येत नव्हते. फार जीव तुटला.

घटस्थापनेआधी आमच्याकडे सगळे घर धुऊन काढतात. बायडाबाईने मला चौकटीतून सोडवले आणि काजळी पुसायला ओले फडके तोंडावरून फिरवले. पाण्याचाच रंग तो, फडक्यावर उतरला. खालून फिकट, मांजरासारखे डोळे वर आले. ती किती वेळ बघत राहिली. मग पाळण्याशी गेली आणि परत माझ्यापाशी आली.

"शालन, बोचकं सोड बाई," ती म्हणाली. "पोरगी आमचीच हाय. मलाच दिसलं न्हाय."

शालन तेव्हा पहिल्यांदा रडली.

ती पोर पुढे कॉलेजात जीवशास्त्र शिकली. असा रंग बहुधा आईबाप दोघांच्याही रक्तातून उतरतो आणि पिढ्यान्‌पिढ्या लपून राहतो, असे ती आजीला सांगायची. आजी नुसते "व्हय" म्हणायची.

आता माझा फेटा ओघळलाय, गाल डागाळलेत. पुन्हा रंगवू म्हणणाऱ्यांना बायडाबाईने हात लावू दिला नाही. मित्रांनो, आपली जुनी माणसे जपा, पण त्यांना देखणे करायला जाऊ नका. होती तशीच राहू द्या. एखाद्या लेकीला घरात राहायला त्यांचा खरा चेहराच लागतो.